शालनचा स्टोव्ह आणि म्हातारा तारा

शालन जाऊन ही दुसरी दिवाळी. थोरला म्हणाला, आबा, नुसते भिंतीकडे बघत बसता, अंकवाले मागतायत तर कतारचं काहीतरी लिहा. मी म्हटलं, अरे, सातवीची परीक्षा न देता शाळा सोडलेला माणूस मी. तो म्हणाला, बोलता तसं लिहा. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन अंकवाल्यांनी बघावं. वाक्यांना हात लावू नये.

गावात सगळ्यांना वाटतं मी कतारला एसी दुरुस्त करत होतो. पहिली काही वर्षं तेच केलं, खोटं नाही. पण नंतर माझं काम काय होतं ते मी फारसं कुणाला सांगितलं नाही, कारण लोक हसतात. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या अंगातून धूळ निघते, ती मोजण्याच्या कामावर मी होतो. मेव्हण्याला एकदा सांगितलं तर तो भर लग्नाच्या पंगतीत म्हणाला, "दाजी तिकडं आभाळाची झाडलोट करायला होते." त्यानंतर मी तोंड मिटलं. शालनला सगळं ठाऊक होतं, तिनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. आता ती नाही. म्हणजे ठाऊक असलेला मी एकटा राहिलो.

दोह्याच्या एका कॉलेजात मी एसी आणि वॉटर कूलर बघायचो. राहायला अल नस्रमध्ये, एका खोलीत आम्ही सहा जण, सगळे सातारा-सांगलीकडचे. एक दिवस निरोप आला, इजिप्तचे डॉक्टर रऊफ बोलावतायत. हे दवाखान्यातले डॉक्टर नव्हेत, शिकवणारे. ठेंगणे, टकले, कायम शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल. मला उभं करून त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "थंडी कशी बनवतोस?"

मी म्हटलं, "थंडी बनवता येत नाही साहेब. गरमी बाहेर काढायची. मग उरते ती थंडी."

"किती बाहेर काढू शकतोस?"

"जेवढी मशीन काढेल तेवढी."

ते हसले आणि म्हणाले, "यल्ला, उस्ता, चल." उस्ता म्हणजे कारागीर. नोकरी संपेपर्यंत त्यांनी मला याच नावानं हाक मारली. माझं साळुंखे हे नाव त्यांच्या जिभेला झेपलं नाही.

त्यांची दुर्बीण दोह्याच्या उत्तरेला, उम्म सलाल मोहम्मदला एका कतारी माणसाच्या खजुराच्या बागेत होती. पत्र्याची शेड, छप्पर चाकांवर. संध्याकाळी छप्पर ढकलायचं की वर उघडं आभाळ. दुर्बिणीला डोळा लावून बघायचं, अशी माझी समजूत. तर डोळा लावायच्या जागी एक पितळी डबा. त्याच्या पोटात नखाएवढा काळा तुकडा. तो तुकडा उजेड बघत नव्हता, ऊब बघत होता. त्यातून तार निघून एका यंत्राला जायची आणि यंत्राची लेखणी कागदाच्या लांब गुंडाळीवर रेघ ओढत राहायची. ऊब वाढली की रेघ वर, घटली की खाली. आमचं सगळं खगोल म्हणजे ती रेघ.

तारा कोणता, तर कृत्तिकेच्या खालच्या अंगाला एक आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. मी वैतागून म्हटलं, "साहेब, एवढे ठळक तारे सोडून हाच का?"

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. तारा म्हातारा झाला की फुगतो. अंग सैल पडतं. मग तो उसासे टाकल्यासारखा स्वतःचंच अंग बाहेर फेकत राहतो. बाहेर गेलेला तो वायू गार झाला की त्याचे बारीक कण होतात, धूळ होते. या ताऱ्याची धूळ म्हणजे आपली वाळूच, फक्त फार बारीक. ती धूळ ताऱ्याभोवती साचते आणि ताऱ्याचा उजेड अडवते. पण अडवलेला उजेड जाणार कुठे? धूळ तापते, आणि तापलेल्या धुळीची ऊब आपल्यापर्यंत येते. मला ते पटलं, कारण आमच्या घरी कंदील होता. काच काजळली की उजेड गेला, पण हात लावला तर चटका. ऊब किती वाढली-घटली त्यावरून धूळ किती, आणि धुळीवरून म्हातारा किती झिजला, हा डॉक्टरांचा हिशेब. हा तारा सव्वा वर्षाहून जास्त वेळात एकदा फुगतो आणि आवळतो, म्हणून वर्षानुवर्षं मोजत राहायचं.

आता माझं काम. ऊब बघणारा तुकडा स्वतःच उबदार असेल तर त्याला बाहेरचं काय कळणार? म्हणून तो इतका गार ठेवायचा की आमच्या एसीचा गारवा त्यापुढे भट्टी वाटावी. त्यासाठी लागायचा नायट्रोजन, पाण्यासारखा पातळ केलेला. तो मिळायचा मेसईदच्या एका कारखान्यात. तेव्हा त्या गावाला सगळे उम्म सईद म्हणायचे. तिथून मोठ्या थर्मासमध्ये भरायचा, पिकअपच्या मागे दोरीनं आवळायचा, दोहा ओलांडून उम्म सलालला आणायचा. झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर थर्मास फुटेल. सैल ठेवलं तर वाटेत उडून जातो. आणलेल्यातला बराचसा रस्त्यालाच अर्पण व्हायचा.

एकदा पोलिसानं अडवलं. मागून पांढरा धूर येतोय म्हटल्यावर तो तरी काय करेल. "एश हाजा?" हे काय आहे?

माझी अरबी तोडकी. मी म्हटलं, "हवा."

"हवा?"

"हवा. बारिद." थंड हवा.

तो म्हणाला, "हवा इथे नाही का? उम्म सईदहून आणतोस?" मी थोडा नायट्रोजन रस्त्यावर ओतला. त्याचे मोत्यांसारखे थेंब डांबरावर सैरावैरा पळाले आणि नाहीसे झाले. पोलिसानं गाडीतल्या दुसऱ्याला बोलावलं. त्याच्यासाठी परत ओतला. मग दोघांनी मिळून तिसऱ्यांदा ओतायला लावला. त्या रात्री डॉक्टरांचं काम अर्ध्यात थांबलं आणि मी पोटभर बोलणी खाल्ली.

दुसरं म्हणजे, कतारमध्ये ऊब कशाला नसते? पत्रा तापलेला, वाळू तापलेली, हवा तापलेली, आम्ही दोघे तापलेले. या सगळ्यात त्या दूरच्या म्हाताऱ्याची ऊब म्हणजे जत्रेत कुणीतरी कानात पुटपुटल्यासारखी. म्हणून दुर्बिणीत एक छोटा आरसा सारखा हलत असायचा, टक-टक, टक-टक. एकदा ताऱ्याकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे. ताऱ्याच्या उबेतून रिकाम्याची ऊब वजा करायची, उरेल ती ताऱ्याची. डॉक्टर माझ्यावर ओरडायचे ते याच एका गोष्टीवरून. "उस्ता, आधी रिकामी जागा मोज. रिकामं चुकलं तर सगळं चुकलं."

तरी भलतंसलतं घुसायचंच. बागेतली शेळी शेडजवळ आली, रेघ वर. मी चहाचा कप घेऊन पुढे वाकलो, रेघ वर. डॉक्टरांनी स्वतःचं टक्कल मध्ये आणलं की सगळ्यात वर. अशा प्रत्येक खोट्या उंचवट्याशी ते लाल पेन्सिलीनं कारण लिहायचे. शेळी. चहा. मी. गुंडाळीच्या गुंडाळी भरलेल्या.

शालन आली ती अशात. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण एकत्र राहणं म्हणजे माझी सुट्टी असेल तेवढंच. मुलं माझ्या आईकडे ठेवून ती थोड्या दिवसांच्या व्हिसावर आली. कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क हसनभाई, रत्नागिरीकडचा, त्यानं कागदपत्रांची सगळी धावपळ केली. अल नस्रच्या सहा जणांच्या खोलीत तिला कुठे ठेवणार? डॉक्टर म्हणाले, बागेत शेडच्या मागे एक खोली आहे, तिथे राहा. विमानातून उतरली ती ज्वारीच्या पिठाची पिशवी छातीशी धरून. दोह्याचे उंच दिवे, मोठ्या गाड्या, काही बघितलं नाही. म्हणाली, "वाळलात किती. परात हाय का तुमच्याकडं?"

पहिल्याच संध्याकाळी तिला शेडमध्ये नेलं. आरशाची टकटक चाललेली. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "आवं, ह्यात दिसतंय काय?"

"दिसत काही नाही. ऊब कळते."

मी तिला दुर्बिणीच्या तोंडापाशी हात धरायला लावला. लेखणी सर्रकन वर गेली. तिनं हात काढला, लेखणी खाली. पुन्हा धरला, पुन्हा वर. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हंजे मीबी तारा झाले की."

मग मी तिला म्हाताऱ्या ताऱ्याचं सगळं सांगितलं, धूळ कशी निघते, कशी साचते. ती म्हणाली, "तुमच्या आजोबांगत हाय. खोकून खोकून घर भरवत हुते, पर जवळ बसलं की उबारा वाटायचा."

मी हे डॉक्टरांना जमेल तसं हिंदीत करून सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बघून, त्यांच्याकडे मान देतात तसा, छातीवर हात ठेवला.

ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले. पश्चिमेच्या बाजूला एक बुटकी भिंत होती, तिच्या आडोशाला शालनचा पंपाचा स्टोव्ह. संध्याकाळी मी छप्पर सरकवायचो, डॉक्टर आत अंधारात यंत्रापाशी, आणि भिंतीमागून भाकरी थापल्याचा आवाज. इकडे टकटक, तिकडे थपथप. डॉक्टर रात्री घरी जेवायचे, त्यांनी कधी भिंतीमागे डोकावून बघितलं नाही.

अशात हसनभाईनं मला ऑफिसात गाठलं. म्हणाला, "साळुंखे, एक सांगतो, मनात ठेवा. वरचे साहेब बोलत होते, इतकी वर्षं झाली, त्या दुर्बिणीतून निघालं काय? या हंगामात तुमच्या डॉक्टरचा काही नवा शोध नाय लागला तर शेड बंद. डॉक्टर पार्सल आणि त्याच्याबरोबर तुम्हीपण पार्सल."

"एसीच्या कामावर परत घेतील की."

"तिथं तुमच्या जागी माणूस घेतलाय. इन्शाल्ला काहीतरी निघेल म्हणा."

गावी घराच्या भिंती छपरापर्यंत आल्या होत्या, छप्पर बाकी होतं. पाठच्या बहिणीचं लग्न ठरत होतं. शालनला मी काही बोललो नाही.

आणि खरंच निघालं. रात्रीमागून रात्र ताऱ्याची ऊब वाढायला लागली. त्याच्या फुगण्या-आवळण्याच्या चालीप्रमाणे ती तेव्हा घटायला हवी होती. डॉक्टर रोज आधी वरच्या बाजूचा एक साधा, न बदलणारा तारा मोजून यंत्र ठीक असल्याची खात्री करायचे, मग म्हाताऱ्याकडे वळायचे. साधा तारा होता तसाच. म्हातारा रोज थोडा वर. एका संध्याकाळी ते दोन खोकी मिठाई घेऊन आले. मला म्हणाले, "उस्ता, त्यानं नवी धूळ टाकलीय. आपल्या डोळ्यांसमोर. असं होताना क्वचितच कुणाला सापडतं." डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. मायदेशात बायको-मुलं ठेवून तोही इतकी वर्षं या पत्र्याखाली बसला होता. लंडनच्या खगोलवाल्यांना तार करायचा मजकूर त्यांनी लिहून काढला. फक्त म्हणाले, अजून थोड्या रात्री बघू, मग पाठवू.

माझी नोकरी वाचली होती. मी शालनला मिठाई दिली. ती म्हणाली, "आज ठेवा झाकून. संकष्टी हाय, चंद्र उगवला की खाईन." त्या दिवशी तिनं स्टोव्ह पेटवला तो चंद्र दिसायच्या बेताला, तोवर डॉक्टर काम आवरून गेलेले.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी सोडवून ठेवणं माझ्याकडे होतं. बघतो तर आदल्या रात्रीची रेघ खाली. जिथं म्हातारा हंगामाच्या सुरुवातीला होता, तिथेच. डॉक्टर म्हणाले, हवा धुरकट असेल. मला ते पटेना. साधा तारा तर उतरला नव्हता. संध्याकाळी छप्पर ढकलताना मी दुर्बिणीच्या नळीच्या रोखानं बघितलं. तारा दिवसेंदिवस पश्चिमेला खाली सरकत होता, आणि नळीचं तोंड बरोबर त्या बुटक्या भिंतीच्या वर आलेलं. भिंतीमागे शालन स्टोव्हला पंप मारत होती.



जेवताना मी पहिलीच भाकरी कुस्करत बसलो. तिनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, हसनभाईच्या बोलण्यासकट.

"म्हंजे माझ्या भाकरीची ऊब ताऱ्याच्या नावावर लागली?"

"तसंच वाटतंय. आरसा ताऱ्याकडे वळला की स्टोव्ह मध्ये येतो, रिकाम्याकडे वळला की येत नाही, मग वजा कसा होणार?"

ती हसली, मग हसायची थांबली. "आन् हे सांगितलं तर तुम्ही घरी."

"घरी. छप्पर तसंच राहील."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तू व्हिसा संपला की जाशील. स्टोव्ह बंद होईल. तार मात्र गेलेली असेल. मग कधीतरी दुसरा कुणीतरी मोजेल, त्याला असलं काही सापडणार नाही."

तिनं तवा उतरवला, स्टोव्हची हवा सोडली.  मग म्हणाली, "त्यो माणूस मला बघितलं की छातीवर हात ठेवतो. सांगा त्याला. तुम्हाला जमत नसंल तर मी सांगते."

"तुला काय येतंय हिंदी?"

"स्टोव्ह दाखवीन."

आणि तिनं तेच केलं. दुसऱ्या संध्याकाळी साधा तारा मोजून झाला, डॉक्टरांनी म्हाताऱ्याकडे नळी वळवली, तशी ही शेडच्या दारात पेटता स्टोव्ह घेऊन उभी. डॉक्टर दचकून मागे सरले. मी म्हटलं, साहेब, जरा रेघ बघा. शालननं स्टोव्ह नेऊन भिंतीमागे ठेवला. लेखणी चढली. तिनं स्टोव्ह उचलून लांब खजुराखाली नेला. लेखणी उतरली. परत भिंतीमागे. परत चढली.  टकटक तेवढी चालू होती.

डॉक्टर स्टुलावर बसले. खिशातून तारेच्या मजकुराचा कागद काढला, चार घड्या घालून परत ठेवला. म्हणाले, "खलास." मग टकलावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता हा माणूस आम्हाला हाकलणार. ते मला म्हणाले, "मॅडमना विचार, एवढी ऊब लागते ती रोटी आहे तरी कशी?"

त्या रात्री डॉक्टर रऊफ भिंतीमागे वाळूत मांडी घालून बसले आणि त्यांनी पहिल्यांदा ज्वारीची भाकरी खाल्ली. ठेच्यानं कान लाल झाले तरी थांबले नाहीत. दोन भाकऱ्यांनंतर म्हणाले, "उस्ता, ही बाई नसती तर मी जगभर खोटा पडलो असतो." मी शालनला सांगितलं. ती म्हणाली, "मी नसते तर घोटाळाबी झाला नसता म्हणावं." हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की शेळ्या उठल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी गुंडाळी काढली आणि त्या सगळ्या रात्रींच्या उंचवट्यांशी लाल पेन्सिलीनं लिहीत गेले. मी विचारलं काय लिहिलंत. म्हणाले, "मॅडम. भाकरी."

हंगाम संपला आणि शेड बंद झाली. हसनभाई म्हणाला होता तसंच. डॉक्टर आपल्या देशात गेले. जाताना म्हणाले, बाकीच्या वर्षांची मोजणी खरी आहे, ती कुणाच्या तरी कामाला येईल. आली की नाही मला कळलं नाही. त्यांचं पुढे काय झालं तेही कळलं नाही. कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

शालनबरोबर एकाच विमानानं मी परतलो. घरावर कौलांऐवजी कितीतरी वर्षं पत्रे राहिले, बहिणीचं लग्न साधेपणानं उरकलं. तालुक्याला फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं. मागे राहिलेले माझ्या खोलीतले दोघे जण पुढे बंगले बांधून आले, त्यांच्या बायका मात्र तोवर नवऱ्याशी काय बोलायचं ते विसरल्या होत्या. मी रोज रात्री शालनच्या हातची गरम भाकरी खाल्ली. कतारची नोकरी गेली त्याची हळहळ मला वाटायची, नाही असं नाही. ती म्हणायची, "माझ्या स्टोव्हला नावं ठेवू नका, त्यानंच तुम्हाला घरी आणलंय."

त्या गुंडाळ्या इजिप्तमध्ये कुठल्या माळ्यावर असतील, की कधीच्या जळून गेल्या असतील, देव जाणे. असल्या तर त्यात कृत्तिकेखालच्या एका म्हाताऱ्याच्या उबेशेजारी माझ्या बायकोची ऊब लाल पेन्सिलीनं नाव घालून मांडलेली आहे. वजा करण्यासाठी.

आता सून जेवण वेळेवर देते, तक्रार नाही. तिचा स्वयंपाक पुढच्या नव्या ओट्यावर होतो. मागचं जुनं स्वयंपाकघर बंद असतं. संध्याकाळी मी तिथं जाऊन बसतो. थोरल्याला वाटतं, म्हातारा अंधारात रडतो. तसं काही नाही. चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून बसतो. इतकी वर्षं तापलेली भिंत, आता गार आहे. डॉक्टर म्हणायचे, आधी रिकामी जागा मोज. ती मोजतोय.